मोठ्या अक्षरांआड राहिलेलं नाव

भाऊ,

जळगावच्या सभेसाठी केलेल्या आलेखाचं शीर्षक फार मोठं झालंय, ते लहान कर, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. केलं मी ते लहान. त्याच संध्याकाळी केलं. सकाळी तुम्हाला दाखवणार होते, आणि सकाळी वहिनींचा फोन आला.

आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं. जाणारं माणूस जाता जाता काहीतरी मोलाचं सांगून जातं, असं लहानपणापासून ऐकत आले होते. तुम्ही मला अक्षरं लहान करायला सांगितलंत आणि दुपारच्या उन्हात बाहेर पडू नको म्हणालात. मी 'हो भाऊ' म्हणाले आणि घाईने फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं. ते दूध तसंही उतू गेलंच. तुम्हाला आणखी काही बोलायचं होतं का, हे मी आता कुणाला विचारू?

पहिल्यांदा भेटलो तेव्हाही आपण अक्षरांवरूनच भांडलो होतो. मी जळगावची, लग्न होऊन धुळ्याला आलेली, काम शोधत होते. तुम्ही सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन विहिरींच्या पाण्याची मोजणी करणारी लहानशी संस्था काढली होती. दोन खोल्या, एक कपाट, एक जुना कॉम्प्युटर. मुलाखत म्हणून तुम्ही मला तुमचाच एक आलेख उघडून दाखवलात आणि विचारलंत, काय दिसतंय?

मला अक्षरं दिसत होती. शीर्षक पडद्यावर निम्म्यापर्यंत आलेलं, खालचे महिने एकमेकांवर चढलेले, डाव्या बाजूचे आकडे एवढे जाड की लग्नाच्या मांडवावरची पाटीच. या सगळ्यांच्या मधे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत एक रेघ निजलेली होती. मी म्हणाले, अक्षरं फार मोठी आहेत. तुम्हाला ते आवडलं नाही. गावातल्या सभेत सगळ्यात मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे, म्हणून मुद्दाम मोठी केलीत, असं तुम्ही जरा ताठ आवाजात सांगितलंत.

मी परवानगी न विचारताच माउस घेतला. आलेखाच्या अगदी बाहेरच्या कडेवर क्लिक केलं, म्हणजे आतलं सगळं एकदम निवडलं जातं, आणि अक्षरांचा आकार एका फटक्यात निम्म्याहून खाली आणला. महिने सरळ उभे राहिले. आकडे आपापल्या जागी गेले. आणि मधली पट्टी उघडली तशी ती निजलेली रेघ डावीकडून उजवीकडे घसरत खाली गेली, पार तळापर्यंत. आकडे तेच होते. एकही बदलला नव्हता. फक्त रेघेला उतरायला जागा मिळाली होती.

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "म्हणजे इतके दिवस माझ्या अक्षरांनीच पाणी वर धरून ठेवलं होतं."

आणि उद्यापासून किती वाजता येशील, असं विचारलंत.

पण ऐकलं कुठे तुम्ही? त्यानंतरही मी जेवायला गेले की तुम्ही हळूच अक्षरं वाढवून ठेवायचात. मी परत आले की कमी करायचे. 'भाऊ, ही लग्नपत्रिका झाली' असं मी म्हणायचे आणि 'तुला काय, तुझे डोळे तरुण आहेत' असं तुम्ही म्हणायचात. शेवटी एक तह झाला. रंग कुणाचा कोणता हे सांगणारी बाजूची चौकट आपण काढून टाकली. तिने फार जागा खाल्ली होती. तिच्याऐवजी प्रत्येक रेघ जिथे संपते तिथे त्या विहिरीच्या मालकाचं नाव लिहायचं ठरलं. सरकारी कागदावर विहिरींना नुसते क्रमांक असतात. तुम्ही म्हणालात, क्रमांक गावात कुणाला कळतो? गावाला हिरामणची विहीर कळते, धोंडूची विहीर कळते.

हिरामण हे नाव तुमच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो तुमचा धाकटा भाऊ हे नंतर समजलं.

तुम्ही मला नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं नाहीत, हे तुमचे उपकार. जिच्या पाण्याचा आकडा टाकतेस ती विहीर एकदा बघून ये, म्हणालात, आणि शिरपूरच्या बाजूला घेऊन गेलात. मला विहिरीत डोकावायची भीती वाटायची. लहानपणी आमच्या शेजारची एक मुलगी पडली होती. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मी काठापासून दोन पावलं मागेच थांबले हे तुम्ही पाहिलं असावं. तुम्ही सरळ काठाजवळ जमिनीवर पालथे झोपलात, पांढरा शर्ट मातीत, आणि मला म्हणालात, 'उभ्याने डोकावलं की भ्या वाटतं. असं आडवं होऊन बघ, जमीन आपल्याला धरून ठेवते.' मी साडी सावरून तुमच्याशेजारी आडवी झाले. आपण दोघांनी टेप खाली सोडली. तिच्या टोकाचं वजन पाण्याला लागल्याचा तो बारीकसा आवाज आला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. त्यानंतर मी शिरपूर, साक्री, चाळीसगाव, किती विहिरींवर आडवी झाले असेन. माझ्या वडिलांनी मला सायकल शिकवली, तुम्ही डोकावायला शिकवलंत. हे तुम्हाला एकदा तरी म्हणायला हवं होतं.

तुमच्या गावाची मोजणी मात्र तुम्ही स्वतः करायचात. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पूर्वी दोन हातांवर पाणी लागायचं म्हणे. तिथे तुमची आणि हिरामण आप्पांची शेतं एका बांधाला लागून, दोन्ही विहिरी हाकेच्या अंतरावर. वडील गेले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि आप्पा रांगत होते. त्यांच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी तुम्ही काय केलंत ते तुम्ही कधी बोलला नाहीत. वहिनींनी सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणायचात की शेती हिरामणला कळते, मला नुसता दगड कळतो, कुठल्या दगडात पाणी थांबतं तेवढं.

आणि गेल्या हिवाळ्यात तुम्ही गावात सभा घ्यायचं ठरवलंत. नव्या खोल बोअरवेल थांबवाव्यात असा ठराव गावाने स्वतःहून करावा, अशी तुमची इच्छा होती. दुसऱ्या गावांत तुम्ही अशा सभा सहज घ्यायचात. आपल्या गावात घ्यायची म्हणून तुम्ही आठवडाभर नीट जेवला नव्हतात. कारण आलेख स्वच्छ सांगत होता. सगळ्यात जास्त खाली गेलेल्या दोन रेघा तुम्हा भावांच्याच होत्या. गावात सगळ्यात खोल बोअर तुम्हीच दोघांनी मारल्या होत्या, तुम्ही नोकरीत असताना आणि आप्पांनी त्यानंतर. भाषण कसं करायचं हे तुम्ही मला म्हणून दाखवलं होतंत. सुरुवात घरापासून करतो, असं म्हणणार होतात. चूक आधी आपली सांगायची, मग कुणाला टोचणार नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. माझ्या लॅपटॉपला तिथल्या प्रोजेक्टरची वायर लागेना. मास्तरांनी शाळेचा कॉम्प्युटर आणून दिला, त्यात मी फाइल टाकली. त्या कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्राम होता. फाइल उघडली आणि आलेखातली अक्षरं फुगली. आपण जी आकारमानं ठरवून दिली होती ती त्या प्रोग्रामने मानलीच नाहीत. रेघांच्या टोकाशी लिहिलेली नावं अशी वाढली की एकमेकांवर चढली, आणि सगळ्यांच्या वर, पांढऱ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत, भिंतभर एकच नाव उरलं. हिरामण.

तुमची पाठ होती पडद्याकडे. तुम्ही गावाकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली होती.

मी धडपडत होते. बाहेरच्या कडेवर क्लिक केलं की सगळं निवडलं जातं हे मला माहीत होतं, पण त्या प्रोग्रामचे मेनू वेगळे, त्यातही ते इंग्रजीऐवजी मराठीत, सगळे शब्द अनोळखी. एक नाव लहान करावं तर दुसरं त्याच्यावर येऊन बसे. मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, हिरामण आप्पांचा बोर्डच लागला. आणि नेमकं तेव्हा तुम्ही तुमच्या शांत आवाजात म्हणालात, "सुरुवात घरापासून करतो."

हिरामण आप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले. टोपी सारखी केली, शेजारच्याला वाट द्यायला सांगितलं आणि बाहेर गेले. त्यांच्यामागून त्यांचे दोन शेजारी उठले, मग आणखी काही. तुम्हाला वाटलं कुणी बाहेरून बोलावलं असेल. तुम्ही वळून पडद्याकडे पाहिलंत तेव्हा मी शेवटी तो आलेखच बंद करून टाकला होता आणि भिंतीवर नुसता निळा उजेड होता. काय झालं हे तुम्हाला मी गाडीत सांगितलं. सभा तोवर मोडली होती. ठराव झाला नाही.

शिरपूरचा पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणालात, "माझं नाव कुठे होतं?" मी म्हणाले, त्याच्या खाली. झाकलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी या दुखण्यावरचा उपाय शोधून काढला. आलेख तयार झाला की त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र घेऊन जायचं. मग तो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, कुठल्याही प्रोग्रामात, अक्षर जागचं हलत नाही. इतकं सोपं. आज मी नव्या मुलींना शिकवताना हीच गोष्ट पहिली सांगते. त्या 'हो ताई' म्हणतात आणि लिहून घेतात. त्यांच्या दृष्टीने ती एक साधी युक्ती आहे.

आपलं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं, आणि ते आता असंच अर्धवट राहणार.

मी म्हणत होते, तुम्ही आप्पांकडे जा. काय घडलं ते सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. वाटलं तर मी येते, नीट केलेला आलेख दाखवते. तुम्ही नाही म्हणालात. मी आलेखाची छापील प्रत काढून पाठवू का, असं विचारलं तर तुम्ही माझ्यावर चिडलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर चिडल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"कागद पाठवून मी त्याचा भाऊ आहे हे सिद्ध करू?" तुम्ही म्हणालात. "मी त्याला भर गावात उभा करेन असं त्याला वाटलंच कसं? एवढंच ओळखलं त्याने मला?"

मी म्हणाले, "आणि तुम्ही त्यांना किती ओळखलंत भाऊ? ते तिथे उठून उभे राहिले तेव्हा त्यांना काय दिसत होतं, ते तुम्ही पाहिलंच नाही."

साक्रीकडच्या एका विहिरीचे आकडे आले का, असं विचारलंत. मीही ते सांगत बसले. पुढे कितीदा तरी मी विषय काढला, कधी जेवताना डबा उघडता उघडता, कधी गाडीत. दर वेळी तुम्ही बोलणं कुठल्यातरी विहिरीवर नेलंत. तो लहान आहे, तो येईल, असं एकदा म्हणालात. नंतर वहिनींकडून कळलं, आप्पाही घरात हेच म्हणत होते, दादा मोठा आहे, त्याने बोलवावं. मोठेपण आणि लहानपण दोघांनीही असं घट्ट धरून ठेवलं होतं.

उन्हाळा लागला तसे तुम्ही थोडे सैलावलात. आखाजीला गावाला जाईन म्हणतो, असं एक दिवस सहज बोललात. अक्षय्य तृतीयेच्या त्या सणाला लेकी माहेरी येतात, गावात झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, तेव्हा आपण इथे धुळ्यात काय करायचं, असं काहीतरी. मी लगेच विचारलं, आप्पांकडे उतरणार? तुम्ही म्हणालात, "गावाला जायचं म्हणजे गावाला जायचं." पण हसलात. मी त्या हसण्यावर विसंबले. आता विषय काढायचा नाही, आपोआप होतंय ते बिघडवायचं नाही, असं ठरवून गप्प बसले.

आखाजी अजून यायची आहे भाऊ. तुमच्याच नावाची घागर भरायची आहे या वर्षी.

अंत्ययात्रेला आप्पा आले होते. गावाहून गाडी करून सगळ्यांच्या आधी आले, पण घरात आले नाहीत, रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली उभे राहिले. वहिनींनी मला पाठवलं, त्यांना आत बोलाव म्हणाल्या. मी गेले तर त्यांनी मान हलवली. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा मात्र ते कुणाला न विचारता पुढे आले आणि खांदा दिला. पार शेवटपर्यंत त्यांनी तो कुणाला बदलू दिला नाही. तुमच्यापेक्षा उंचीने ते कमी, त्यामुळे त्यांची बाजू खाली जात होती आणि ते टाचा उंचावून चालत होते.

तेराव्यानंतर, गावाला परत जायच्या आधी, ते आपल्या ऑफिसात आले. डोक्याचे केस काढलेले, हातात पिशवी. मला त्यांनी ताई म्हटलं. तुमच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ती सोडून बाकावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, त्या दिवशीचं ते शाळेतलं पुन्हा एकदा दाखवता येईल का.

मी कॉम्प्युटर लावला. काय दाखवावं मला कळेना. नीट केलेला आलेख तयार होता, पण तो एकदम पुढे ठेवला असता तर त्यांना वाटलं असतं, आता भाऊ गेल्यावर हिने नवीन बनवला. म्हणून मी मूळची फाइल उघडली आणि त्यांच्यासमोर अक्षरं मुद्दाम वाढवली, त्या दिवशी भिंतीवर झाली होती तेवढी. नावं एकमेकांवर चढली. त्यांचं नाव सगळ्यांच्या वर येऊन बसलं. त्यांनी लगेच नजर खाली घेतली.

मी त्यांना सांगितलं, आप्पा, वर बघा, आता मी ही अक्षरं लहान करते. त्या दिवशी तो कॉम्प्युटर वेगळा होता, त्याने ती फुगवली. भाऊंची पाठ होती, त्यांना काही दिसत नव्हतं.

बाहेरच्या कडेवर क्लिक केलं आणि एकेक आकडा उतरवत गेले. घाई केली नाही. आधी महिने सुटे झाले. मग नावांच्या पाट्या आखडायला लागल्या. धोंडू निघाला, शांताराम निघाला. रेघा खाली उतरायला लागल्या. आणि हिरामण या नावाची पाटी बारीक होत गेली तशी तिच्या खालून दुसरी पाटी बाहेर आली. दामोदर. दोन्ही रेघा शेजारी शेजारी, वरून निघून अगदी बरोबरीने खाली आलेल्या, तळाशी तर एक कुठली आणि दुसरी कुठली हे सांगता येऊ नये अशा. तुमची केसभर जास्तच खाली.

आप्पा बाकावरून उठून पडद्याजवळ आले. तुमच्या नावावर बोट ठेवून अहिराणीत विचारलं, "दादानं नाव तवय बी व्हतं आठे?"

मी म्हणाले, हो, दादांचं नाव पहिल्यापासून इथे होतं. तुमचं आणि त्यांचं, दोन्ही नावं घेऊनच ते सुरुवात करणार होते. घरापासून म्हणजे तुमच्या दोघांच्या घरापासून.

बोट पडद्यावरच होतं. मग अगदी हळू म्हणाले, "माले वाटनं, मना घरपासून."

एका घराचे दोन भाऊ, आणि 'घर' हा शब्द एकाने 'आपलं घर' म्हणून म्हटला, दुसऱ्याने 'माझं घर' म्हणून ऐकला. मला त्यांना सांगायचं होतं की चूक कुणाचीच नव्हती. पण हे ऐकून त्यांना काय मिळणार होतं? कुणाचीच चूक नसताना आख्खा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा गेला, हे तर जास्तच वाईट. मी चहा मागवला. तो निवला. सभेत मांडायचं बाकीचं काय होतं तेही त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, कोणत्या वर्षी कुणाची विहीर किती खाली गेली, तुम्ही कोणता ठराव मागणार होतात. त्यांनी मधे मधे दुरुस्त्याही केल्या. एका विहिरीचा काठ मागे उंच बांधला, तेव्हाचा आकडा तपासून घ्या म्हणाले. खरंच तो चुकला होता. पावसाळ्याआधी पुन्हा सभा घ्या, या वेळी मी पुढे बसतो, असंही म्हणाले. घेऊ आम्ही सभा. होईल ठराव किंवा होणार नाही. तुम्ही नसाल.

भाऊ, मला तुमचा रागही येतो, हे सांगून टाकते. तुम्ही विहिरीच्या काठावर माणसाला धीर द्यायचात आणि स्वतः भावाच्या उंबऱ्यावर जायला कचरलात. दगडातली फट तुम्हाला वरून कळायची. या फटीत तर हात घातला असता तरी बुजली असती, इतकी ती लहान होती. मला हे तुमच्या तोंडावर म्हणता आलं नाही, कारण तुम्ही मोठे होतात, आणि तुमचा चेहरा त्या विषयाने असा मिटून जायचा की मला पुढे बोलवत नसे. आज लिहिताना बळ आलंय, तर ऐकायला तुम्ही नाहीत.

आप्पा निघाले तेव्हा मी त्यांना सोडायला बस स्टँडपर्यंत गेले. शिरपूरची गाडी लागायची होती. आम्ही फलाटावर उभे होतो. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दादा मनं कधी नाव काढे का?"

तुम्ही त्यांचं नाव कधी काढायचात का, याचं मी खरं ते सांगितलं. तुमची जमीन वाट्याने करणारा सुकलाल दर पंधरवड्याला धुळ्याला यायचा. तो आला की तुम्ही आधी पिकाचं विचारायचात, मग पाण्याचं, आणि तो उठून दारापर्यंत गेला की मागून, जसं काही आत्ताच आठवलं, विचारायचात की हिरामण कसा आहे. सुकलाल म्हणायचा, बरा शे. तुम्ही मान डोलावायचात आणि कागद पुढे ओढायचात. प्रत्येक वेळी. मी समोरच बसलेली असायचे.

आप्पांनी हे ऐकलं आणि ते फलाटाच्या कठड्यावर बसले. गाडी लागली, लोक चढायला लागले, तरी ते उठेनात. मी म्हणाले, आप्पा, जागा जाईल. तेव्हा ते म्हणाले, सुकलाल कसतो ते दादाचं शेत माझ्या बांधाला लागून. तो धुळ्याहून परत आला की मी त्याला बांधावर गाठायचो, दादा कसा आहे म्हणून. तो मलाही हेच म्हणायचा. बरा शे.

कंडक्टरने घंटी मारली तसे ते चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि गाडी निघून गेली.

मी घरी येताना सुकलालचा विचार करत होते. साधा माणूस. दर पंधरवड्याला हे दोन प्रश्न त्याने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेले, आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याला कधी सांगितला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्यापाशी निरोप कुणी दिलाच नव्हता, भाऊ. तुम्ही दोघांनी नुसती चौकशी केली होती.